मदत हवी आहे: पोटाच्या घेरावरून पक्षाघाताचा धोका कसा ओळखायचा?

चाळकरी
लालबागला मंडळातर्फे ४० ते ७० वयाच्या रहिवाशांसाठी तपासणी शिबिर घेतोय. डॉक्टर एकच, बाकी आम्ही स्वयंसेवक. टेप, वजनकाटा, बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर आहे. पोट सुटलेल्यांपैकी पक्षाघाताचा धोका कुणाला जास्त, हे जागच्या जागी सांगता येईल का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) पुरे की घेर घ्यायचा? जाणकारांनी कृपया सांगावं.

उगाच_चौकशी
घेर घ्याच. पक्षाघाताची कारणं शोधणाऱ्या २०१० च्या इंटरस्ट्रोक या अनेक देशांतल्या पाहणीत पक्षाघाताशी कंबर-नितंब गुणोत्तराचा संबंध स्पष्ट दिसला, बीएमआयचा नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी ही कमरेच्या घेराची मर्यादा. उंचीच्या निम्म्याहून घेर जास्त असला तरी खूण करा.

पण पँटचा नंबर विचारून लिहू नका! पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, नंबर ३४ चा ३४ च राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मधे, सदरा वर करून, श्वास सहज सोडल्यावर टेप आडवी धरा. मागून टेप खाली घसरते, म्हणून एकाने मागे उभं राहावं.

सिस्टॉलिक
वरचं बरोबर, पण नुसत्या घेरावरून धोक्याची टक्केवारी निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे तक्ते घ्या, त्यातला दक्षिण आशियाचा, रक्ततपासणी न लागणारा. वय, लिंग, तंबाखू ओढणं, वरचं बीपी आणि बीएमआय एवढंच लागतं, म्हणून वजन-उंचीही घ्या. दहा वर्षांतला हृदयविकार आणि पक्षाघात यांचा एकत्रित धोका त्यात मिळतो, फक्त पक्षाघाताचा नाही. यात मधुमेह धरलेला नाही, तेव्हा मधुमेह्यांचा आकडा कमी दिसतो. त्यांना थेट डॉक्टरांसमोर बसवा. आधी हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांना तक्ता लावायचाच नाही.

खरी गडबड बीपीत होते. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. बऱ्याच घरगुती मशीनचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडापुरताच असतो, मोठा पट्टा वेगळा आणा. जिने चढून आलेल्याला पाच मिनिटं पाठ टेकवून बसवा, पायावर पाय नको, हात छातीच्या पातळीत. चहाचा स्टॉल तपासणीनंतर ठेवा :) दोनदा मोजून सरासरी लिहा.

चाळकरी
नाडी बघायची का?

सिस्टॉलिक
अवश्य. अर्धा मिनिट बोट ठेवा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर घेर कितीही असो, ईसीजीला पाठवा. एट्रियल फिब्रिलेशनमुळे (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित फडफडणं) पक्षाघाताचा धोका कितीतरी वाढतो आणि या तक्त्यात ते कुठेच येत नाही.

उगाच_चौकशी
आणि १८०/१२० च्या वर बीपी असून तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोबडी वळलेली दिसली तर फॉर्म भरत बसू नका. १०८ लावा, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. बीपी कमी असलं तरी हेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

चाळकरी
धन्यवाद! मोठ्या पट्ट्याची सोय करतो, तक्ता छापून टेबलावर चिकटवतो.