खरखरीत कातडीचा न्यूट: हात लावला तर?

रानवाट: अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात पावसानंतर पायवाटेवर तपकिरी पाठीचे, नारिंगी पोटाचे न्यूट (दिसायला सरड्यासारखे, पण बेडकासारखे उभयचर प्राणी) दिसतात. बरोबर लहान मूल आहे. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होते का?

शेवाळ: कातडी धडधाकट असेल तर सहसा नाही. विष टेट्रोडोटॉक्सिन, फुगा माशातलंच. ते पोटात, डोळ्यात किंवा जखमेत जाऊ देऊ नका. १९७९ साली ऑरेगॉनमध्येच २९ वर्षांच्या तरुणाने एक न्यूट गिळला आणि तो दगावला. हात लागलाच तर लगेच साबणाने धुवा. कुत्र्यालाही आवरा.

ओहोळ: डिवचला की तो पाठ कमानीसारखी वाकवतो, हनुवटी आणि शेपटी वर उचलतो, डोळे मिटून घेतो. नारिंगी पोट दिसलं की मागे सरा!

रानवाट: मग साप त्याला खातात कसे?

शेवाळ: हे विष मज्जातंतू आणि स्नायूंमधल्या सोडियम वाहिन्या (पेशींच्या आवरणातली सूक्ष्म दारं, ज्यांमुळे संदेश पुढे जातो) बुजवतं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. उतारा नाही, रुग्णाचा श्वास यंत्रावर चालू ठेवावा लागतो. काही भागांतल्या गार्टर सापांत (उत्तर अमेरिकेतले साप) मात्र या वाहिनीची घडणच बदललेली आहे. त्यांनाही न्यूट खाल्ल्यावर काही काळ सुस्ती येते. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या न्यूटमध्ये विष फारच कमी. तरी रंगावरून जोखू नका.