कियातिसुक सेनामुआंग इंग्लंडात खेळलाच नाही, मग तो मोठा कसा?

नऊ_नंबर_परळ:
थायलंडचा जुना स्ट्रायकर कियातिसुक सेनामुआंग, ज्याला तिकडे 'झिको' म्हणतात, त्याच्याबद्दल कुणी नीट सांगेल का? थायलंडकडून सगळ्यात जास्त गोल त्याचेच, सत्तरच्या आसपास. पण 1999 मध्ये तो इंग्लंडला हडर्सफील्ड टाउनकडे गेला आणि लीगचा एकही सामना न खेळता परत आला. यावरून आमच्या ग्रुपवर वाद पेटलाय. मित्र म्हणतो, इंग्लंडात टिकला नाही तो मोठा कसला? मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. जुन्या मंडळींनी त्याचा खेळ पाहिला असेल तर लिहा.

कूपरेजचा_जुना_भिडू:
पाहिलाय बाबा, आणि मनापासून आवडायचा. 1998 च्या बँकॉक एशियाडची क्वार्टर फायनल, समोर दक्षिण कोरिया. मी घरी टीव्हीवर बघत होतो. थायलंडचा पहिला गोल कियातिसुकचाच. कोरियाने बरोबरी केली. थायलंडच्या दोघांना लाल कार्ड, म्हणजे मैदानात नऊच जण उरले. तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता, जादा वेळेत जो आधी गोल मारेल तो जिंकला, सामना तिथेच खलास. थवाचाई दमरोंगने लांबून फ्री किक हाणली आणि 2-1! कोच पीटर विथ, जो स्वतः इंग्लंडचा नावाजलेला फॉरवर्ड होता. पुढे थायलंड चौथं आलं.

आता हडर्सफील्ड. त्या मोसमात ती टीम वरच्या डिव्हिजनमध्ये जायच्या शर्यतीत होती. मार्कस स्ट्युअर्ट आणि क्लाइड वायनहार्ड गोल मारत होते. मॅनेजर स्टीव्ह ब्रूसने चालू जोडी कशाला मोडावी? त्याच सुमाराला आपला बायचुंग भुतिया इंग्लंडच्याच 'बरी' (Bury) क्लबकडे गेला होता. बरी एक डिव्हिजन खाली, तिथे जागा मिळाली, आणि तो लीगचे तीसहून जास्त सामने खेळला. म्हणून बायचुंग कियातिसुकपेक्षा भारी होता असं होत नाही, आणि उलटंही नाही. ज्याला जिथे संधी मिळाली तिथे तो खेळला.

फॉरवर्डचं बाकावर काय होतं ते मी भोगलंय. मी मुंबईत एका ऑफिसच्या टीममध्ये होतो, बराच काळ राखीव. सराव रोज करतो, पाय ठणठणीत असतात, पण क्रॉस आला की अर्धं पाऊल उशीर होतो. डिफेंडर खांद्याला खांदा लावतो तेव्हा शरीर आपोआप वळायला हवं, ते विचार करून वळायला लागतं. तोवर बॉल गेलेला असतो. हे सरावाने भरून निघत नाही, सामनेच लागतात.

कियातिसुकने ते ओळखलं असावं असं मला वाटतं. आधी मलेशियात पर्लिसकडून खेळून झालं होतं, इंग्लंडनंतर सिंगापूर, आणि 2002 मध्ये व्हिएतनामच्या होआंग आन्ह झा लाई क्लबकडे. हा क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता! डोंगराळ भागातलं प्लेइकू गाव. थायलंडचा कॅप्टन तिथे जातो म्हटल्यावर लोकांना वेड लागायचं बाकी होतं. क्लब वर चढला आणि 2003, 2004 अशी लागोपाठ दोनदा व्ही-लीग, म्हणजे व्हिएतनामची सगळ्यात वरची लीग, जिंकला. दुसित चालेर्मसानसारखे थाई खेळाडूही पुढे तिथे खेळले. तुझ्या मित्राला सांग, बाकावरून उठून जो खालच्या डिव्हिजनमध्ये जातो आणि ती टीम चॅम्पियन करतो, त्याला मी मोठाच म्हणणार.

दादर_पश्चिम_88:
भिडूकाकांनी सगळं सांगितलंय, फक्त कोचिंग राहिलं. खेळाडू म्हणून त्याने टायगर कप, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची स्पर्धा, जिंकला. 1996 च्या फायनलमध्ये मलेशियाविरुद्ध एकमेव गोल त्याचाच होता. त्याच स्पर्धेचं नाव पुढे सुझुकी कप झालं आणि कोच म्हणून 2014 आणि 2016 ला त्याने तीही जिंकली. खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून जिंकणारा तो पहिला. 2014 ची फायनल दोन सामन्यांची होती, दोन्हीचे गोल एकत्र मोजायचे; त्यातला दुसरा सामना मी पूर्ण बघितला. क्वालालंपूरमध्ये मलेशिया 3-0 ने पुढे गेली होती, थायलंडच्या हातून कप निसटलाच होता. शेवटच्या दहा मिनिटांत चॅरिल चापुइस आणि चनाथिप, दोघांचे गोल, आणि दोन्ही सामने मिळून 4-3 ने कप थायलंडचा. माझ्या मते त्याची कोचिंगची कामगिरी गोलांपेक्षाही मोठी आहे.

नऊ_नंबर_परळ:
धन्यवाद काका, धन्यवाद दादा. आता खरं कारण सांगतो. मला यंदा दोन ठिकाणी विचारलंय. एक वरच्या डिव्हिजनची टीम, तिथे दोन सीनियर स्ट्रायकर आधीच आहेत. दुसरी खालची, पण तिथे नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जागा, माझीच. घरचे म्हणतात मोठं नाव घे.

कूपरेजचा_जुना_भिडू:
मोठ्या टीमच्या कोचला जाऊन तोंडावर विचार, सर, मला किती सामन्यांत उतरवाल? आणि त्यांच्या गेल्या मोसमातल्या तिसऱ्या स्ट्रायकरला गाठ, त्याला किती मिनिटं मिळाली ते विचार. कोचने गोलगोल उत्तर दिलं तर खालच्या टीमला हो म्हणून टाक. घरच्यांशी बोलायला जड जात असेल तर इथेच निरोप टाक, मी वडिलांशी बोलतो. पहिली मॅच कुठे आहे तेही कळव.