'द लास्ट ऑफ अस' ही अमेरिकी मालिका, तिसरा भाग : ग्रुपवर रात्री झालेली चर्चा

बी-२०४ : एवढं कौतुक ऐकून बघायला बसलो. सव्वा तासात बुरशीने पछाडलेली माणसं जेमतेम दिसतात. जोएल आणि त्याच्यासोबतची मुलगी एली, यांची मुख्य गोष्ट तिथेच अडकते. मला नाही पटलं.

ए-३०२ : ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.
दादा, २९ जानेवारी २०२३ला हा भाग आला तेव्हाही हीच तक्रार झाली होती. पण समीक्षकांनी डोक्यावर घेतला. अमेरिकेत पहिल्या रात्री ६४ लाख प्रेक्षक, आधीच्या भागाला ५७ लाख होते. या भागातल्या बिल-फ्रँक जोडप्यातला बिल झालेल्या निक ऑफरमनला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. मूळच्या २०१३च्या व्हिडिओ गेममध्ये फ्रँक बिलला सोडून जातो, चिठ्ठीत त्याच्याबद्दल नुसता राग. लेखक क्रेग मेझिनने ते पार उलटवलं. त्याचं हे धाडस मला फार आवडतं.

सी-१०१ : आयएमडीबी या रेटिंगच्या साइटवर कितीतरी लोकांनी एकच तारा दिला ना?

ए-३०२ : हो, आणि त्याचा मला खरंच राग येतो. संथ वाटला म्हणणं वेगळं, दोन पुरुषांचा संसार दाखवला म्हणून तारे कापणं वेगळं. दादांचं पहिल्यातलं आहे.

सी-१०१ : पण शेवटी दोघं मरतातच. अशा जोडप्यांना कायम मारूनच का टाकतात?

ए-५०१ काकू : अगं, म्हातारे होऊन मरतात ते. त्या जगात म्हातारपण कुणाच्या वाट्याला येतं? स्ट्रॉबेरी खाताना बिल लहान मुलासारखा हसतो, तिथे मला रडू आलं. यांच्या आजारपणात मीही असंच भरवत होते. मात्र वाइनमध्ये गोळ्या घालून दोघांनी पिणं मला पटलं नाही. फ्रँक आजारी होता, त्याचं समजू शकते. बिल तर धडधाकट होता.

ए-३०२ : काकू, तिथे मीही अडखळले. आणि दादा, गोष्ट अडकत नाही. बिलचं पत्र आठवा. माझ्यासारख्या माणसाने कुणालातरी जपायचं असतं, असं तो जोएलला लिहितो. एली मोठ्याने वाचत असते आणि 'टेस' या नावापाशी थांबते. टेस म्हणजे जोएलची जोडीदार, ती तर आधीच्याच भागात गेलेली. जोएल कागद घेऊन बाहेर जातो, आणि परत आल्यावर एलीला सोबत न्यायचं ठरवतो. पुढचा सगळा प्रवास तिथून निघतो.

बी-२०४ : ती नावापाशी थांबते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज तेवढा प्रसंग परत बघतो.