'सशस्त्र निदर्शने' म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या घटनेवर मराठीत लिहितोय. ३० एप्रिल २०२० ला तिथली राजधानी लान्सिंगच्या विधिमंडळ इमारतीत टाळेबंदीविरोधात लोक जमले, काहींच्या खांद्याला रायफली होत्या. गोळी एकही सुटली नाही. 'सशस्त्र निदर्शने' लिहिलं, पण वाचताना उठाव झाल्यासारखं वाटतं.

उत्तर : वाटणारच. मराठीत 'सशस्त्र'च्या पुढे उठाव, क्रांती, नाहीतर दरोडा येतो. मी 'शस्त्रधारी निदर्शक' लिहीन. शस्त्र माणसाकडे होतं एवढंच त्यातून कळतं, त्याने ते वापरलं की नाही हे पुढच्या क्रियापदावर सोडता येतं.

आणि खरी मेख त्या क्रियापदांतच आहे. बाळगणे, परजणे, उगारणे, रोखणे. तिथल्या कायद्याने तेव्हा इमारतीत बंदूक उघड बाळगायला मुभा होती, पण कुणाला घाबरवायला ती परजणं गुन्हा होता. (बंदूक 'परजणे' कानाला खटकतं, ते तलवारीचं क्रियापद. पण दुसरं सुचत नाही.) उघड बाळगण्यावर इमारतीत बंदी आली जानेवारी २०२१ मध्ये. तसंच 'घुसले' नको, दारातून रीतसर आत सोडलं होतं. 'घुसले' ६ जानेवारी २०२१ च्या वॉशिंग्टनला शोभतं, तिथे जमावाने संसद भवनाच्या खिडक्या फोडल्या होत्या.

त्यावर आणखी एक जण : पटलं नाही. 'बाळगणे' फार सोज्वळ आहे हो. सभागृहात काही सदस्य बुलेटप्रूफ जाकीट घालून बसले होते. वर प्रेक्षक सज्जात बंदूकवाला उभा असेल तर खाली मत देणाऱ्याला ते 'बाळगणं' दिसत नाही, धाक दिसतो. आपल्याकडे 'चाकूचा धाक दाखवून' म्हणतात, त्यात चाकू लागलेला नसतोच. निदर्शन म्हणजे दाखवणं, 'निदर्शनास आणणे' त्यातलंच. फलक, घोषणा, निवेदन यांतून मागणी दिसते. रायफलीतून काय दिसतं?

मूळ प्रश्नकर्ता : म्हणजे 'निदर्शने' हाच शब्द चुकतोय?

उत्तर : अगदी चुकत नाही, अपुरा पडतो. 'धरणे' बघा. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. दबाव तोही होताच, पण जीव स्वतःचा पणाला लावलेला.

तुमच्या वाक्यापुरतं : 'निदर्शकांपैकी काही जण रायफली घेऊन आत आले, काही सदस्यांनी बुलेटप्रूफ जाकिटं घातली होती.' विशेषण नकोच, वाचणारा समजून घेतो.

जाता जाता, अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत फक्त 'शांततेने' जमण्याचा हक्क आहे. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात सोबत 'विनाशस्त्र'ही आहे. पहिल्यांदा वाचताना मी तो 'विनाश' असा तोडला होता आणि दचकलो होतो. तेव्हापासून मी 'विना-शस्त्र' असंच लिहितो, मधे रेघ देऊन.