दिवे घाट चढलो, तोही पॅन्ट्रीत! ऑफिसची 'व्हर्च्युअल वारी' हवी की नको?

खुर्चीकर:
आमच्या कंपनीत ४० दिवसांचं चालण्याचं चॅलेंज सुरू आहे. नकाशावर आळंदी ते पंढरपूर, साधारण २५० किलोमीटर. फोन पावलं मोजतो, ॲपमध्ये तुमचा ठिपका सरकतो. हिशेबाने रोज सव्वासहा किलोमीटर, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास पावलं. काल चहाच्या मशीनपाशी कप भरायची वाट बघत होतो, तर फोन थरथरला : 'अभिनंदन! तुम्ही दिवे घाट पार केलात.' शेजारच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला ओशाळल्यासारखं झालं.

चालायला विरोध नाही. पण नऊ ते सात खुर्चीला खिळवणारीच कंपनी म्हणते चाला. कधी? कामाआधी नाहीतर नंतर, आपल्या वेळात. वर दर सोमवारी सगळ्यांना क्रमवारीची मेल. मी शेवटून तिसरा. गेल्या आठवड्यात मॅनेजर हसत म्हणाला, "काय रे, अजून पुण्यातच मुक्काम?"

बिनसाखरेचा:
ओशाळा खुशाल. माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) गेल्या वर्षी ८.१ निघालं. डॉक्टर, बायको, आई सगळे सांगून थकले, पण मला उठवलं ते या ठिपक्याने. आमच्याकडे काश्मीर ते कन्याकुमारी होतं, सगळ्या टीमने मिळून. 'अजून नागपूर आलं नाही' म्हणून मी लिफ्ट सोडली. जेवण झालं की सोसायटीला फेऱ्या. आता ७.२. गोळ्या चालूच आहेत, सगळं श्रेय चालण्याला देत नाही. पण कंपनीचा हेतू काय होता, ते माझ्या साखरेला कळत नाही.

माळकरी:
सहा वर्षं पायी जातोय, म्हणून बोलतो. दिंडीला नंबर असतो, तो जागेचा. पहिला-दुसरा आल्याचा नव्हे. रथापुढच्या दिंड्या पुढे, मागच्या मागे. पुणे ते सासवड मोठी मजल, तीसेक किलोमीटर. घाटात पाय बोलायला लागले की अनोळखी माणूस येऊन तुमची पिशवी खांद्यावर घेतो. त्याची पावलं कुठल्या यादीत धरणार? तुम्ही चाला हो, पण वारी म्हणू नका. मुंबई-गोवा महामार्ग ठेवा, खड्डे फुकट.

रात्रपाळी:
माळकरी 😂
आमच्याकडचा पहिला नंबर ११ दिवसांत पंढरपुरात. रोज जवळजवळ २३ किलोमीटर! नंतर कळलं, फोन पोराच्या पाळण्याला बांधला होता. बक्षीस घेऊन मोकळा झाला.

आणि हाउसकीपिंगच्या मावशी? कंत्राटी, त्यामुळे ॲपमध्ये नावच नाही. एकदा माझा बँड त्यांच्या मनगटावर बांधला. ड्युटी संपेस्तोवर १४,००० पावलं. त्यांनी विचारलं, "एवढं चाललं की तुमाला काय देतात?"

भरवणारी बाई:
मी एचआरमध्ये आहे आणि अशी चॅलेंजं भरवते, तेव्हा शिव्यांची सवय आहे. पहिल्या वर्षी मीही डोळे झाकून १०,००० चं लक्ष्य ठेवलं होतं. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानात निघालेल्या 'मानपो-केई' नावाच्या पाऊलमापकाचा. नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मापक. डॉक्टरी नव्हे, जाहिरातीचा आकडा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा अभ्यास आला. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फरक फारसा वाढला नाही. वय सरासरी ७२, त्यामुळे तरुणांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरी मी लक्ष्य ६,००० वर आणलं आणि क्रमवारी बंद केली.

नाव मात्र वारीच. महामार्ग ठेवला तर नाव कोण नोंदवेल? नकाशावर फलटण आलं त्या दिवशी फलटणच्या मुलीने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

खुर्चीकर:
पेढे ठीक. चालायची वेळ कामाच्या तासांत धरलीत का, तेवढं सांगा.

भरवणारी बाई:
नाही. अर्ध्या तासाचा प्रस्ताव दिला होता. 'पुढच्या तिमाहीत बघू' असं उत्तर आलं. दोन तिमाह्या झाल्या.

खुर्चीकर:
म्हणजे मी म्हणतोय तेच! असो. साडेआठचा कॉल गच्चीत चालत घेतो, आज सासवड गाठायचंय.

माळकरी:
सासवडला दोन मुक्काम असतात. सावकाश या.