लाकूड पुन्हा मिळतं, मग कोळसा का नाही?

रेघोटी

मी शाळेत विज्ञान शिकवते. ऊर्जेच्या धड्याला एक शंका दरवेळी डोकं वर काढते आणि तिचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. लाकूड नवीकरणीय आणि कोळसा अनवीकरणीय असं आपण शिकवतो. पण कोळसा म्हणजे तरी काय, झाडंच ना? आजही कुठेतरी दलदलीत झाडं गाडली जात असतील, म्हणजे कोळसा तयार होणं थांबलेलं नसणार. उलट जंगल तोडतच राहिलं तर लाकूडही संपतंच. भूऔष्णिक ऊर्जा, धरणाचं पाणी, युरेनियम यांच्याबद्दलही मुलं असंच खोदून विचारतात. "कोळसा बनायला फार वर्षं लागतात" म्हटलं की ती गप्प बसतात, पण पटलेलं नसतं हे चेहऱ्यावरून कळतं. कोणी जाणकार जरा सविस्तर सांगेल का?

थरावरथर

रेघोटीताई, मुलांची शंका अगदी रास्त आहे. तिला "फार वर्षं" या दोन शब्दांवर वाटेला लावू नका. मी भूवैज्ञानिक आहे. कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरचे कोअर (छिद्रातून काढलेले खडकाचे लांब नमुने) तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे यावर थोडं लांबलचक लिहितो.

कोळसा म्हणजे झाडंच, हे शंभर टक्के खरं. लिग्नाइटचा, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाचा, ताजा कोअर पेटीतून उचलला की हाताला ओलसर लागतो. रंग गडद तपकिरी, आणि कित्येकदा लाकडाचे तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उघड्यावर ठेवला तर वाळताना त्याला भेगा पडतात आणि हळूहळू भुगा होतो. दगडी कोळशात हे सगळं चेपून गेलेलं असतं. तिथे चकचकीत आणि निस्तेज पट्टे आलटून पालटून दिसतात, पण त्या थराला लागून असलेला शेल (चिखलाचा बनलेला पापुद्र्यांचा खडक) फोडला तर पानांचे ठसे मिळतात, शिरांसकट.

आता वेगाकडे बघा. दलदलीत पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून पडलेला पाला आणि खोडं पूर्ण कुजत नाहीत. त्यांचं पीट बनतं. हे पीट साचतं वर्षाला साधारण एक मिलिमीटर. एक मीटर दगडी कोळशासाठी पाच ते दहा मीटर पीट लागतं, म्हणजे नुसतं साचायलाच पाच ते दहा हजार वर्षं. त्यानंतर ते गाळाखाली खोल गाडलं जाऊन लाखो, कोट्यवधी वर्षं उष्णता आणि दाब सोसतं, तेव्हा कुठे दगडी कोळसा हाती येतो. खाणीतलं कटर मशीन तोच मीटरभर थर काही सेकंदांत कापून पुढे सरकतं.

म्हणून मुलांना सांगताना दोन गोष्टी शेजारी ठेवा: निसर्ग भर किती वेगानं घालतो आणि आपण उपसा किती वेगानं करतो. कोळशाची भर आजही पडतेच आहे, पण उपशापुढे ती शून्यात जमा. लाकडाचं झाड काही दशकांत परत उभं राहतं, म्हणून लाकूड नवीकरणीय. तेही तोडीचा वेग वाढीच्या आत ठेवला तरच. तुमचं जंगलाबद्दलचं म्हणणं त्यामुळे अचूक आहे.

खनिज तेलाची गोष्ट तर याहून थक्क करणारी. ते मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून बनलं. (डायनासोरपासून तेल झालं ही समजूत वर्गात असेल तर ती आधी काढा.) त्या जीवांमधला बहुतेक कार्बन कुजून पाण्यात आणि हवेत परत गेला, अगदी थोडा गाळात अडकला, आणि त्यातलाही थोडाच तेल होऊन टिकला. जेफ्री ड्यूक्स या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा एक अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पेट्रोलमागे जवळपास ९० टन प्राचीन वनस्पतिद्रव्य निघालं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिला होता.

जुनापाला

छान प्रतिसाद. थोडं अवांतर: कोळशाचे मोठे साठे बनले तेव्हा लाकूड कुजवू शकणारी बुरशीच अस्तित्वात नव्हती, म्हणून आता कोळसा बनूच शकत नाही, असं वाचलं होतं. ते खरं का?

थरावरथर

ही कल्पना बरीच पसरली आहे, पण पुराव्यापुढे टिकली नाही. २०१६ मध्ये तिची सविस्तर तपासणी झाली. बुरशीला जे कुजवता येत नव्हतं असं म्हणतात ते लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य. पण कार्बोनिफेरस काळातल्या, म्हणजे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशात ज्या वृक्षांचा मोठा वाटा आहे, त्यांच्या जाड सालीत लिग्निन फारसं नव्हतंच. शिवाय लाकूड कुजवणारी बुरशी आल्यानंतरच्या काळातही कोळशाचे जाड थर बनले आहेत. खरं कारण जमिनीच्या हालचालीत आहे. उष्ण, दमट दलदली होत्या आणि त्यांच्याखालची जमीन सतत खचत होती, त्यामुळे पीट साचत आणि गाडलं जात राहिलं.

पीटचा उल्लेख झालाच आहे तर, रेघोटीताई, वर्गात त्याचंच उदाहरण घ्या. लाकूड आणि कोळसा यांच्या अगदी मध्ये ते बसतं. काही देशांत ते आजही जाळतात. त्याला कुठल्या गटात घालायचं यावर वर्षानुवर्षं वाद झाला. ते लाकडाइतकं लवकर भरून येत नाही आणि कोळशाइतकं जुनंही नसतं. आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला सरळ वेगळा वर्ग दिला. जाळल्यावर मात्र तेवढ्याच उष्णतेमागे ते दगडी कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं.

आता भूऔष्णिक. कॅलिफोर्नियात द गायझर्स नावाचं क्षेत्र आहे. तिथे १९६० पासून जमिनीतल्या वाफेवर वीज बनते. केंद्रांवर केंद्रं उभी राहिली, विहिरी वाढत गेल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब घसरू लागला. खडक अजून तापलेलेच होते. संपत आलं होतं ते त्यांच्या भेगांमधलं पाणी. मग आसपासच्या वस्त्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी नळाने आणून १९९७ पासून जमिनीत सोडायला सुरुवात झाली, २००३ मध्ये आणखी एका शहराचं पाणी आलं, आणि घसरण बरीचशी सावरली. नवीकरणीय म्हटलेला स्रोतही उपसा वाढवला की आटतो, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

धरणाचं थोडक्यात: पाणी पुन्हा येतं, पण त्यासोबत येणारा गाळ जलाशयात बसतो आणि पाणी साठवायची जागा वर्षागणिक कमी करतो. ती जागा आपोआप परत मिळत नाही.

दोरावरचा

थरावरथर यांच्याशी सहमत. त्यात वाऱ्याची भर घालतो. मी पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करतो.

वारा आणि ऊन यांना उपशाचा धाक नाही. आज वापरलं म्हणून उद्या कमी पडत नाही आणि आज सोडलं म्हणून उद्या जास्त मिळत नाही. मागच्या ओळीतल्या चक्कीला जरा मंद वारा लागतो, एवढंच. मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणजे वारा निम्म्यावर आला की आठवा हिस्साच उरतो. शिवाय समोरून येणाऱ्या वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच चक्की घेऊ शकते, हे आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिलं. सगळी काढून घेतली तर हवा पात्यांमागे थबकेल आणि नवीन वाऱ्याला वाटच राहणार नाही.

मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. वारा फुकट असला तरी चक्की झिजते. मोठ्या पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. त्या वेगाला पावसाचा साधा थेंबही पात्याच्या कडेवर आदळून तिला खातो. दोरावर लटकून कडेवरून हात फिरवला की आधी पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. दुर्लक्ष झालं असेल तर रंग उडून खालचे काचतंतू उघडे पडलेले दिसतात. ते घासायचं, फिलर भरायचा, पुन्हा लेप द्यायचा. टोकाचं काम जपून करावं लागतं, कारण कडेचा आकार जरा बिघडला तरी वीज कमी मिळते.

हिशेबी

म्हणजे पोलाद, तांबं, चुंबकातलं निओडिमियम, सौर पॅनेलमधली चांदी हे सगळं खाणीतूनच येणार. मग या ऊर्जेला नवीकरणीय म्हणायचं तरी कसं? खाण फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली.

दोरावरचा

खाणी लागणार, ते मी नाकारत नाही, आणि त्या खाणींजवळ राहणाऱ्यांना काय सोसावं लागतं याची चर्चा व्हायलाच हवी. पण एक फरक फार मोठा आहे. कोळसा एकदा जळला की संपला, रोज नवा आणावा लागतो. तांबं वीस-पंचवीस वर्षं काम करूनही तांबंच राहतं, वितळवून पुन्हा वापरता येतं. पोलादाचंही तसंच. खरी अडचण पात्यांची आहे. काचतंतू आणि इपॉक्सी (त्यांना घट्ट धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य) एकदा एकजीव झाले की साध्या वितळवण्याने सुटे होत नाहीत. माझ्या धंद्यातली ही उणीव मला मनापासून सलते.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. भर आणि उपसा हे मुलांना लगेच पटेल. फक्त युरेनियम राहिलं. काही जण अणुऊर्जेला नवीकरणीयांच्या पंगतीत बसवतात.

थरावरथर

ताई, तिथे दोन प्रश्न एकत्र होतात, ते सोडवून घ्या. पहिला, भर पडते का? युरेनियम पृथ्वी बनण्याआधीच्या ताऱ्यांमध्ये तयार झालं. पृथ्वीवर नव्याने बनत नाही, उलट आपोआप घटत जातं. युरेनियम-२३८ (त्याचा सर्वांत मुबलक प्रकार) निम्मं व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षं लागतात. त्यामुळे ते अनवीकरणीयच.

दुसरा, कार्बन किती सुटतो? आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात, बांधकामापासून शेवटपर्यंतचा हिशेब धरून, एका युनिट विजेमागे मध्यम आकडे असे आहेत: कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, अणुऊर्जा १२ आणि जमिनीवरची पवनऊर्जा ११. अणुऊर्जा वाऱ्याच्या पंगतीत बसते ती या दुसऱ्या प्रश्नावर.

कोणी चुणचुणीत मूल समुद्रातल्या युरेनियमबद्दल विचारेल, त्याचीही तयारी ठेवा. समुद्रात ते आहे, एकूण साठा प्रचंड आहे, पण एक टन पाण्यात जेमतेम ३ मिलिग्रॅम. ते वेगळं करण्याचे प्रयोग झालेत, पण खाणीतल्या युरेनियमच्या खर्चात ते अजून बसलेलं नाही.