अनुभव धागा : रोथेनबुर्ग ओब डेर टाउबर, एका दिवसात

जर्मनीत बव्हेरियातलं हे तटबंदीचं गाव एका दिवसात करणाऱ्यांनी नेमकं लिहा: गाड्या, चढउतार, खाणं, कुठे फसायला होतं. 'सुंदर आहे' एवढंच नको, ते फोटोत दिसतं.

*

वुर्झबुर्गहून किंवा न्यूरेंबर्गहून (आन्सबाखला बदलून) आधी श्टाइनाख, तिथून छोट्या गाडीने पंधराएक मिनिटं. बायर्न तिकिटावर (बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट) पाच जणांपर्यंत जाता येतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच, आणि आयसीईत (लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत) ते चालत नाही. प्रत्येकाचं नाव त्यावर लिहायचं. म्युनिकहून हे तिकीट घेतलं तर पोचेपर्यंत दुपार, त्यामुळे शनिवार-रविवार बरा. श्टाइनाखला गाडी चुकली की साधारण तासभर बसून राहा.

*

स्टेशनपासून रॉडर दरवाजा दहा मिनिटांवर. लोक तिथून थेट चौकात जातात. त्यापेक्षा दरवाजाशीच जिना चढून फांजीवर (तटावरच्या चालायच्या वाटेवर) जावं. सुमारे अडीच किलोमीटर चालता येतं, तिकीट नाही, वर लाकडी छप्पर, त्यामुळे पावसातही जमतं. उंच माणसांनी तुळया सांभाळाव्यात. बाबागाडी किंवा गुडघेदुखी असेल तर हा बेत सोडा. दक्षिण टोकाचा श्पिटाल बुरूज आवर्जून पाहा. राजगड-रायगडवाल्यांना तिथे बराच वेळ लागेल.

भिंतीत दगडांवर नावं दिसतात ती देणगीदारांची. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बफेकीत गावाचा पूर्व भाग जळला, तटबंदीही पडली. म्हणजे या बाजूचं 'मध्ययुगीन' बरचसं युद्धानंतर उभं केलेलं आहे. खरं जुनं पश्चिमेला, हेर्नगासेकडे.

*

सेंट याकोब चर्चमध्ये खालची मुख्य वेदी बघून परतू नका. शिल्पकार रीमेनश्नायडरचं लिंडेनच्या लाकडातलं कोरीव काम (१५०० ते १५०५ च्या सुमाराचं) मागच्या जिन्याने वर आहे. शेवटच्या भोजनाच्या दृश्यात मधोमध येशू नाही, यहूदा आहे. रंग न दिल्यामुळे छिन्नीचं काम उघडं दिसतं.

*

टाउन हॉलचा मनोरा: २२० पायऱ्या, शेवटचा टप्पा जवळजवळ शिडीच. पाठीवर मोठी बॅग नको. समोरच्या घड्याळाचा खेळ मात्र अगदीच किरकोळ. १६३१ मध्ये महापौर नुशने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन सेनापती टिलीच्या सैन्यापासून गाव वाचवलं, ही त्यामागची दंतकथा. तो खेळ बघायला अर्धा तास आधी जागा धरायची गरज नाही.

*

प्लोनलाइनचा (रस्ता दोन दरवाजांकडे फुटतो तो, फोटोत नेहमी दिसणारा कोपरा) फोटो दक्षिणेकडे तोंड करून काढावा लागतो, त्यामुळे भर दुपारी ऊन समोर आणि गर्दीही. तेवढ्या वेळात पश्चिमेच्या बुर्ग दरवाजाने (दारातला छोटा दिंडी दरवाजा पाहा) किल्ल्याच्या बागेत जा, खाली टाउबरवरच्या दुमजली कमानींच्या पुलापर्यंत उतरा, कोबोल्त्सेल दरवाजाने चढून या. वर येता ते प्लोनलाइनलाच. चढ दमवतो, बूट पक्के हवेत.

*

रात्रीच्या पहारेकऱ्याची इंग्रजी फेरी ८ वाजता चौकातून, तासाभराची, पैसे शेवटी रोख. हिवाळ्यात काही काळ बंद असते. शेवटची गाडी आधी बघा, नाहीतर मुक्कामच करावा लागेल.

*

श्नेबालेन म्हणजे शंकरपाळीच्या पिठाच्या पट्ट्यांचा तळलेला गोळा. कोरडा आणि जड, दोघांत एक पुरे. शाकाहाऱ्यांनी केझश्पेट्झले (चीज घातलेल्या जाडसर शेवया) मागवावं. बटाट्याच्या सूपमध्ये बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. 'ओन फ्लाइश' (मांस नको) म्हटल्यावरही ते येऊ शकतात, म्हणून 'ओन श्पेक' (हे तुकडे नकोत) वेगळं सांगा.